दहा टक्के कापले, म्हणजे कर भरला?

१९९५ सालचा जुलै महिना. आमचे अण्णा त्याच वर्षी सेवानिवृत्त झाले होते. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आले होते. त्या पावसाळ्यात रोज सकाळी आंघोळ-पूजा आटोपली, की अण्णा छत्री आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर पडत ते जेवणाच्या वेळी परतत. आठवडाभर हा क्रम चालला. आठव्या दिवशी त्यांनी दिवाणावर चार पावत्या पत्ते मांडावेत तशा मांडल्या. बँक एकच, पण शाखा चार.

"एका शाखेत वर्षाला दहा हजारांच्या वर व्याज झालं, तर आता बँकवाले कर कापणार. म्हणून चार ठिकाणी ठेवले. कापायला नको आणि कटकट नको," अण्णा समाधानाने म्हणाले.

१ जुलै १९९५ पासून बँकांच्या मुदत ठेवींच्या व्याजावर उगमस्थानी करकपात लागू झाली होती आणि दहा हजारांची मर्यादा शाखेगणिक होती. त्यामुळे त्या दिवसांत अण्णांसारखी पुष्कळ मंडळी या शाखेतून त्या शाखेत फिरत होती. अण्णांचे निवृत्तिवेतन बेताचे, व्याज धरूनही ते करपात्र होत नव्हते. त्यांचे काही चुकले नाही. चुकले ते माझे. मी तेव्हा नोकरीत सहा वर्षे मुरलेला, पगारावर कर भरणारा माणूस. अण्णांच्या त्या चार पावत्यांवरून मी मनाशी एक सिद्धांत बांधला: बँकेने कर कापला नाही, तर व्याजावर कर नाही आणि कापला, तर आपले काम संपले.

हा सिद्धांत दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे, हे कळायला मला एकोणतीस वर्षे लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्राप्तिकर खात्याचा संदेश आला. २०२२-२३ या वर्षाच्या तुमच्या विवरणपत्रात दाखवलेले व्याज आणि बँकेकडून आम्हाला कळलेले व्याज जुळत नाही, असा त्याचा मथितार्थ. त्या सुमारास खात्याने असे संदेश पुष्कळांना पाठवले होते, हे नंतर समजले. पण त्या रात्री मला वाटले, की सबंध देशात चोर म्हणून मी एकटाच सापडलो आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ज्याच्या पगारातून दरमहा न चुकता कर गेला, त्याला हे ऐकावे लागावे! सौ.ला काही न सांगता मी रात्रभर छताकडे बघत पडलो होतो.

एकच कापड, दोन शिंपी

आपल्यासारख्या नोकरदार माणसाचा कर दोन ठिकाणी कापला जातो. एक ऑफिसात, दुसरा बँकेत. कापड एकच, शिंपी मात्र दोन आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. सगळा घोटाळा इथे आहे.

ऑफिसचा हिशेबनीस वर्षाचा पगार धरतो, त्यावरचा कर काढतो आणि बारा महिन्यांत विभागून कापतो. त्याला तुमच्या पगाराची पैन्‌पै ठाऊक असते, पण ठेवींची गंधवार्ता नसते. बँकेला ठेवी ठाऊक असतात, पण पगार ठाऊक नसतो. म्हणून ती सरसकट दहा टक्के कापते. पॅन दिलेला नसेल, तर वीस टक्के. तुम्ही तीस टक्क्यांच्या पायरीवर असा किंवा शून्याच्या, बँकेची कात्री तीच.

कायद्याच्या दृष्टीने व्याज हे वेगळे उत्पन्न नव्हेच. ते पगाराच्या डोक्यावर जाऊन बसते आणि तुमच्या सगळ्यांत वरच्या पायरीचा दर त्याला लागतो. तीस टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाला ठेवीचे एक लाख व्याज मिळाले, तर अधिभार धरून त्यावर ३१,२०० रुपये कर होतो. बँकेने कापलेले असतात १०,०००. उरलेले २१,२०० कोणीही कापलेले नसतात. ते आपणच भरायचे असतात.

पण खरी गंमत होते ती मधल्या पगारवाल्यांची. १ एप्रिल २०२५ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून पावणेतेरा लाखांपर्यंत पगार करमुक्त, हे आता घरोघरी पाठ झाले आहे. पाठ होताना 'पगार' आणि 'उत्पन्न' यांतला फरक मात्र निसटला.

समजा, एका गृहस्थांचा पगार १२ लाख ६० हजार आहे. ७५ हजार वजा जाता ११ लाख ८५ हजार उरले. कर शून्य. ऑफिसने वर्षभर एक पैसा कापला नाही. गृहस्थांनी पेढे वाटले. आता त्यांच्या मुदत ठेवींवर ६० हजार व्याज जमा झाले. एकूण उत्पन्न १२ लाख ४५ हजार. बारा लाखांची वेस ओलांडली! अशा वेळी कायदा थोडी दया दाखवतो आणि वेशीपलीकडे जितकी रक्कम गेली, तितकाच कर घेतो. म्हणजे ४५ हजार, वर चार टक्के अधिभार, एकूण ४६,८००. साठ हजारांच्या व्याजावर पावणेसत्तेचाळीस हजारांच्या वर कर! यातले बँकेने कापले सहा हजार. राहिलेले ४०,८०० रुपये जुलैत विवरणपत्र भरताना अचानक पुढ्यात येतात आणि वर्षभरात आगाऊ कर भरला नाही म्हणून साडेतीन हजारांच्या वर व्याजही द्यावे लागते. पेढे कडू होतात ते असे.

मर्यादा म्हणजे माफी नव्हे

आता अण्णांच्या चार शाखांकडे वळू. बँकेने कर कापण्यासाठी ठरवलेली मर्यादा म्हणजे त्या रकमेपर्यंतचे व्याज माफ, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेली आहे. ती अगदीच निराधार नव्हती. १९६१ च्या कायद्यात ८०-एल नावाचे एक कलम होते. त्याखाली बँकेच्या व्याजापैकी ठरावीक रक्कम खरोखरच वजा मिळे. २००५ च्या अंदाजपत्रकाने ते कलम गेले. आपल्या डोक्यातून मात्र ते गेले नाही.

कापण्याची मर्यादा ही फक्त बँकेच्या सोयीची रेघ आहे. त्या रेघेखाली कापाकापीचा खटाटोप करू नये, इतकाच तिचा अर्थ. रेघ वेळोवेळी सरकलीही. २०१५ मध्ये शाखेगणिक हिशेब संपला. संगणकाने सगळ्या शाखा जोडलेल्या बँकांत सगळ्या ठेवी एकत्र मोजल्या जाऊ लागल्या आणि आवर्ती ठेवीही कात्रीखाली आल्या. २०१८ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी मर्यादा ५० हजार झाली, २०१९ मध्ये इतरांसाठी ४० हजार. १ एप्रिल २०२५ पासून ती साठीच्या आतल्यांना ५० हजार आणि ज्येष्ठांना एक लाख आहे. वरच्या उदाहरणातल्या गृहस्थांनी आपल्या ठेवी दोन बँकांत ठेवून तीस-तीस हजार व्याज घेतले असते, तर कोणत्याच बँकेने काही कापले नसते. कर मात्र तेवढाच झाला असता. ४६,८००.

ठेवी चार ठिकाणी ठेवण्यात शहाणपण जरूर आहे, पण ते सुरक्षिततेचे. बँक बुडाली, तर ठेवीदाराला विम्यापोटी एका बँकेमागे पाच लाखांपर्यंतच रक्कम मिळते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. त्या कारणासाठी ठेवी अवश्य विभागाव्यात. कर चुकवण्यासाठी विभागण्याचा उपयोग नाही.

काही व्याजांवर कात्री चालतच नाही आणि नेमकी तीच आपण विसरतो. बचत खात्याच्या व्याजावर बँक कर कापत नाही. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांवर कापला जात नाही. गावच्या पतसंस्थेतही सभासदाच्या ठेवीवर सहसा कापत नाहीत. हे सगळे व्याज उत्पन्नात धरायचेच असते. जुन्या करपद्धतीत राहिलेल्यांना बचत खात्याच्या व्याजापैकी दहा हजारांपर्यंत, तर ज्येष्ठांना मुदत ठेवींसह ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत या दोन्ही वजावटी नाहीत. पीपीएफचे व्याज मात्र दोन्हीकडे करमुक्त आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही.

आणखी एक खाचखळगा. व्याज मुदतीअखेर एकदम मिळणाऱ्या ठेवीत पाच वर्षे आपल्या हाती दमडी येत नाही, पण बँक दरवर्षी व्याज साठलेले धरते, मर्यादा ओलांडली की दरवर्षी कर कापते आणि दरवर्षी सरकारला कळवते. आपण 'पैसे आल्यावर बघू' म्हणत बसलो, तर पाच वर्षांचे व्याज एका वर्षात डोक्यावर घेऊन वरची पायरी गाठतो. ज्या वर्षाचे व्याज, त्या वर्षी दाखवून मोकळे व्हावे, हे उत्तम.

काउंटरवरची सही

माझी स्वतःची चूक याहून मोठी होती. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

दर एप्रिलमध्ये मी बँकेत जात असे. काउंटरवरचा तरुण मुलगा ओळखीचा झाला होता. एका वर्षी तो म्हणाला, "काका, एक फॉर्म भरून द्या, म्हणजे टॅक्स कापला जाणार नाही." फॉर्म त्यानेच भरला. मी सही ठोकली. पुढे दरवर्षी हा विधी होऊ लागला. तो फॉर्म म्हणजे पंधरा-जी. माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे, अशी ती प्रतिज्ञा असते. एका हाताने पगारावर कर भरणारा मी दुसऱ्या हाताने 'मला कर लागू नाही' असे लिहून देत होतो! न वाचता केलेल्या सहीलाही कायदा सहीच म्हणतो आणि खोट्या प्रतिज्ञेला त्यात शिक्षा आहे. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला माझा पगार कुठे ठाऊक होता? मला होता.

हा अर्ज वाईट नव्हे. ज्यांच्या एकूण उत्पन्नावर खरोखर कर होत नाही आणि ज्यांचे व्याज करमुक्त मर्यादेच्या आत आहे, त्यांच्यासाठीच तो आहे. साठीच्या पुढच्यांना त्याचा भाऊ पंधरा-एच. त्यांना कर शून्य असला की पुरे, व्याजाच्या रकमेची अट नाही. अण्णांच्या परिस्थितीतल्या माणसाने तो वर्षाच्या सुरुवातीला जरूर द्यावा. नाहीतर कापलेले दहा टक्के परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरून बसावे लागते. बेताच्या पगारावर नोकरी करणारे कितीतरी जण 'आपल्याला कर नाही' म्हणून विवरणपत्रच भरत नाहीत आणि बँकेने कापलेले हजार-दोन हजार सरकारकडे तसेच राहतात. चूक दोन्ही बाजूंनी होते. कोणी देणे विसरतो, कोणी घेणे.

मी देणे विसरलो होतो. विवरणपत्र मी गल्लीतल्या एका माणसाकडून भरून घेत असे. त्याच्या हाती ऑफिसचा फॉर्म १६ ठेवायचा. "आणखी काही उत्पन्न?" तो विचारी. "काही नाही," मी म्हणे. खोटे बोलतोय असे मला कधी वाटलेच नाही. व्याज म्हणजे उत्पन्न, हे मनाला शिवलेलेच नव्हते. पण नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे ज्याला सगळे 'एआयएस' म्हणतात, ते प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येकाला पाहता येते. बँकांनी कळवलेले व्याज त्यात मांडलेले असते, कर कापलेला असो वा नसो. त्या पानावर माझे ८४ हजारांचे व्याज माझ्याकडे टक लावून बघत होते.

अखेर एका सनदी लेखापाल बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, अजून दार बंद झालेलं नाही. चुकलं ते आपणहून दुरुस्त करता येतं." अद्ययावत विवरणपत्र भरले. वीस टक्क्यांच्या पायरीने साडेसतरा हजारांच्या आसपास कर होता. उशिराचे व्याज आणि त्यावर पंचवीस टक्के जादा कर मिळून आकडा पंचवीस हजारांवर गेला. अशी दुरुस्ती करायला तेव्हा आकारणी वर्ष संपल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. २०२५ मध्ये ती चार वर्षांची झाली. जितका उशीर, तितका जादा कर अधिक. त्या रात्री मात्र मला झोप लागली.

ऑफिसला सांगावे का?

लेखापाल बाईंनी मला एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. "दर वर्षी ऑफिसात गुंतवणुकीचा तक्ता भरून देता ना? त्यात 'इतर उत्पन्न' असा रकाना असतो. तो कधी भरला नाहीत?"

नव्हता भरला. खरे कारण सांगायचे, तर लाज. आपल्या ठेवी किती, हे ऑफिसात कशाला कळू द्यायचे? आज हिशेबनिसाला सांगितले, की उद्या कँटीनमध्ये चर्चा आणि परवा कोणीतरी उसने मागायला हजर, अशी आपली धास्ती. पण नोकरदारासाठी कायद्याने ठेवलेले हे सगळ्यांत सोपे दार आहे. आपण मालकाला लेखी कळवायचे, की माझे इतके व्याज होणार आहे आणि बँकेने इतका कर कापला आहे. मग तो उरलेला कर पगारातून महिन्याच्या हप्त्यांनी कापतो. जुलैतला धक्का नाही, आगाऊ करावरचे व्याज नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तर बँकेसारख्या इतरांनी कापलेला करही मालकाने हिशेबात धरावा, अशी सोय झाली आणि त्यासाठी १२-बीएए नावाचा अर्ज आला.

ज्यांना ऑफिसला सांगायचे नाही, त्यांच्यासाठी दुसरे दार आहे: आगाऊ कर. ऑफिसने आणि बँकेने कापल्यानंतरही वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून अधिक उरत असेल, तर तो वर्षातच भरायचा असतो. १५ जूनपर्यंत पंधरा टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण पंचेचाळीस, १५ डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. हा कर संकेतस्थळावरून स्वतः भरता येतो आणि ऑफिसात कोणाला पत्ता लागत नाही. आगाऊ कर म्हणजे व्यापाऱ्यांची गोष्ट, असे नोकरदारांना वाटते. तसे ते नाही. साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्यांना मात्र त्यातून सूट आहे.

इंग्लंडात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला हे सांगितले, तेव्हा तो हसला. "मामा, आमच्याकडे उलटं आहे. मला कोणी विचारत नाही. सरकारच ऑफिसला सांगतं," तो म्हणाला. तिकडे एप्रिल २०१६ पर्यंत बँका व्याजातून वीस टक्के कापत. त्यानंतर कापणे थांबले. मूळ दराने कर भरणाऱ्याला वर्षाला हजार पौंडांपर्यंतचे व्याज करमुक्त झाले, त्याच्या वरच्या दरवाल्याला पाचशे. त्यापुढचे व्याज बँका करखात्याला कळवतात आणि करखाते त्या नोकरदाराचा 'टॅक्स कोड' बदलून मालकाला धाडते. पगारातून आपोआप जादा कापले जाते. ऐकायला किती छान! पण खाते पुढच्या वर्षाचे व्याज गेल्या वर्षावरून अंदाजाने धरते. भाच्याने साठवलेले पैसे घर घेण्यात घातले, व्याज बंद झाले, तरी त्याच्या पगारातून न मिळणाऱ्या व्याजावर कर जातच राहिला. शेवटी त्याला कळवावेच लागले. तात्पर्य, कोणत्याही देशात शिंपी आपोआप बरोबर कापत नाही. माप आपल्यालाच द्यावे लागते.

कोणाच्या नावावर, कोणाचे?

लेखापाल बाईंचा शेवटचा प्रश्न होता: "काकूंच्या नावावर काही आहे?"

होते. २०१६ मध्ये मी चार लाखांची ठेव सौ.च्या नावावर केली होती. कर वाचेल, हा हेतू होताच. बाईंनी सांगितले, की नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशांवरचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. अज्ञान मुलांच्या नावावरच्या ठेवींचे तसेच. ते आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या खात्यात. अठरा पूर्ण झालेल्या मुलांना किंवा आई-वडिलांना खरोखर देऊन टाकलेल्या पैशांचे व्याज मात्र त्यांचे.

त्या रविवारी दुपारी सगळ्या पावत्या, पासबुके दिवाणावर ओतली आणि सौ.ला सारे सांगितले. खात्याच्या संदेशासकट. आधी ती संदेश लपवल्याबद्दल रागावली. मग चार लाखांची पावती हातात घेऊन म्हणाली, "अहो, माझ्या नावावर आहे, मग हे माझं नाही?"

पैसे तुझेच, पण व्याजाचा कर माझ्या माथी, असे मी समजावू लागलो. मूळ चार लाखांवरचे व्याज माझ्या उत्पन्नात आणि त्या व्याजाची तिने पुढे वेगळी ठेव केली, तर त्या ठेवीचे व्याज तिचे, हेही सांगितले. बँकेने कर तिच्या पॅनवर कापला असेल, तर त्याचे श्रेय मला मिळावे म्हणून बँकेला लेखी कळवावे लागते, हेही. तिने सगळे ऐकले आणि विचारले, "म्हणजे पैसे मुळात कोणी दिले, ते बघायचं?"

"हो."

ती उठली, कपाटातून एक जुनी वही काढून आणली. १९९९ मध्ये तिच्या वडिलांनी तिला पन्नास हजार रुपये दिले होते. बँकेत त्यांची पावती वर्षानुवर्षे नवी होत गेली. २०१६ मध्ये त्यांचे पावणेदोन लाख झाले, तेव्हा मी सोयीसाठी म्हणून माझ्या ठेवीत मिळवून एकच पावती माझ्या नावाने करून घेतली होती. तिला सांगितले होते की नाही, मला आठवेना. तिला आठवत होते. नव्हते सांगितले.

"मग हे कोणाचं?" तिने विचारले.

कायद्याचे उत्तर सोपे होते. नात्यातून मिळालेली भेट तिची, त्यावरचे व्याज तिचे, पावतीवर नाव कोणाचेही असो. माझे उत्तर मला द्यायला जड गेले. आठ वर्षे मी जे 'घरचे पैसे' म्हणत होतो, त्यांत तिच्या बाबांचे पैसे होते आणि ते माझ्या नावावर बसले होते. मी तिच्या नावावर टाकलेल्या चार लाखांची मला पक्की आठवण होती. तिच्याकडून आलेल्या पावणेदोन लाखांची नव्हती.

त्या दुपारी आम्ही पावत्यांचे ढीग लावले. एक माझा, एक तिचा. तिच्या ढिगात तिच्या शिकवणीच्या पैशांची एक आवर्ती ठेवही निघाली. तीस वर्षांच्या संसारात असा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. नवरा-बायकोत हिशेब कसला, असे आपण म्हणतो. पण हिशेब नसला, की बहुधा एकाचेच नाव पावतीवर राहते.

वर्षाची एक दुपार

आता दर एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमचा हा कार्यक्रम ठरलेला आहे. वहीत एकेक ठेव लिहायची: कुठे, किती, पहिले नाव कोणाचे, मुळात पैसे कोणाचे, वर्षाचे व्याज किती. त्यातून माझ्या व्याजाचा आकडा निघतो, तो मी ऑफिसच्या तक्त्यातल्या 'इतर उत्पन्न' या रकान्यात लिहितो. पहिल्यांदा दिला, तेव्हा हिशेबनिसाच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो. त्याने मान वर न करता शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली. कँटीनमध्ये काही चर्चा झाली नाही. जुलैत विवरणपत्र भरण्याआधी आमची वही, बँकेचे व्याजाचे दाखले आणि एआयएस यांचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. एआयएसमध्येही कधी दुसऱ्याची किंवा दुबार नोंद येते. तिथेच तसा अभिप्राय नोंदवता येतो.

१९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा आला आहे. त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा. 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आले, कलमांचे आणि अर्जांचे पाठ झालेले क्रमांकही बदलले. पण दोन शिंप्यांची ओळख करून देण्याचे काम पूर्वीसारखेच आपल्याकडे आहे.

अण्णांच्या त्या चार पावत्यांची प्लॅस्टिकची पिशवी अजून आमच्या कपाटात आहे. ते गेले त्याला बरीच वर्षे झाली, पावत्या केव्हाच मोडल्या, पण पिशवी फेकवत नाही. आता तीत एकच पावती असते. सौ.च्या बाबांच्या पैशांची. मूळ रक्कम व्याजासकट वेगळी काढून आम्ही ती नव्याने केली. पहिले नाव तिचे, दुसरे माझे. त्या दिवशी काउंटरवर एक फॉर्म पुढे आला, तेव्हा सौ.ने चष्मा लावला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मगच सही केली. मी शेजारी गप्प उभा होतो.